शेळीनं नाकारलेली फांदी

हे लिहावं की नाही, या विचारात माझे दोन रविवार गेले. आमच्या घरात माझ्याआधी पेन हातात धरलं गेलं ते सहीपुरतं. तेव्हा माझं चुकलंमाकलं तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

बी.एड.च्या दुसऱ्या वर्षी मला तासगावजवळच्या एका शाळेत आठवीला विज्ञान शिकवायला पाठवलं होतं. शेवटी कॉलेजच्या मॅडम येऊन माझा एक पाठ बघणार होत्या. त्यात नापास झालो तर वर्ष वाया. मी घाबरलेला आहे हे पोरांना कळायला दोन दिवसही लागले नाहीत.

वनस्पतींचा धडा सुरू झाला, तशी पोरं रोज एखादं पान आणून टेबलावर ठेवू लागली. "सर, हे कशाचं?" मला ओळखता यायचं नाही. मी गंभीर चेहऱ्यानं म्हणायचो, "उद्या सविस्तर सांगतो," आणि पान वहीत घालून एसटीनं घरी न्यायचो.

संध्याकाळी वडिलांबरोबर शेळ्यांमागं ओढ्याकाठानं फिरायचं आणि पान दाखवायचं, असा माझा अभ्यास. वडिलांनी शाळा बघितली ती बाहेरून. पण झाड त्यांना शेळीच्या तोंडावरून कळतं. "ही कवळी असली तरच खाती. ही खाल्ली की दूध कडू लागतंय." नाव ते शेवटी सांगायचे, तेही मी मागितलं तर. दुसऱ्या दिवशी मी तेच पुस्तकी भाषेत वर्गात सांगायचो.

एकदा पहिल्या बाकावरच्या मुलीनं काटेरी फांदी आणली. मागची पोरं न सांगता वह्या उघडून बसली होती. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

वडिलांनी ती फांदी शेळीपुढं धरली. शेळीनं हुंगली आणि मान फिरवली.

"फांदी तर बाभळीची हाय," वडील म्हणाले. "बाभळीला शेळीनं नगं म्हणलेलं मी कवा बघितलं न्हाई."

त्यांनी अंगठ्यानं पान घासलं. ते सुटून हातात आलं.

"पानं तरवडाची, त्याला शेळी तोंड लावत न्हाई. डिंकानं चिकटिवल्यात. कुणी केलं हे?"

"माझ्या वर्गातल्या पोरांनी."

"तुझ्यापरीस हुशार हायती रं," म्हणत ते पुढं गेले.

मला राग आला नाही, पण गप्पही बसवेना. दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं, "ही फार दुर्मीळ वनस्पती आहे. सगळ्यांनी चित्र काढायचं आणि शनिवारपर्यंत याचं झाड शोधायचं." पोरांचे चेहरे उतरले. खरं सांगावं तर खोडी कबूल करावी लागणार, न सांगावं तर माळावर हिंडावं लागणार. मी फळ्याकडं तोंड करून हसून घेतलं.

मॅडम शुक्रवारीच आल्या, न कळवता. पाठ बरा झाला. निघताना त्यांनी वर्गाला विचारलं, "या आठवड्यात कोणती नवी वनस्पती शिकलात?"

पहिल्या बाकावरची मुलगी उठली. तिनं वही उघडून काटे आणि पानं दाखवली. "ही, मॅडम. लय दुर्मीळ हाय. सरांनी शिकवली."

मॅडमचा विषय वनस्पतिशास्त्र. त्यांनी चित्राकडं बघितलं, मग माझ्याकडं.

मागून एक पोरगा चाचरत म्हणाला, "मॅडम, ती आमीच चिकटवली हुती."

"सरांना म्हाईत न्हवतं," दुसऱ्यानं मदत केली.

"माहीत होतं," मी म्हणालो.

"मग शिकवलंत का?" मॅडमनी विचारलं.

"पोरांची जिरवायची होती, मॅडम."

"आणि तुम्हाला कळलं कसं?"

खोटं सुचलं नाही. "शेळीनं खाल्ली नाही."

वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी आपल्या वहीत बराच वेळ काहीतरी लिहिलं आणि त्या निघून गेल्या.

निकालाला महिना लागला. वडील रोज विचारायचे, "आलं का रं काय?" मी मान हलवायचो. शेवटी एका सकाळी भरलेल्या एसटीत उभा असताना कॉलेजच्या क्लार्कचा फोन आला.

"तुमचा पाठ पास आहे," ते म्हणाले. "मार्क मात्र विचारू नका."