बारसं, मंजूताई आणि दोन अँटीव्हायरस

नागपूरच्या विमानतळावर मला सोडायला दोन गाड्या भरून माणसं आली होती. आई-बाबा, मामा-मामी, आणि मी ज्या इन्स्टिट्यूटमध्ये कॉम्प्युटर शिकवायचे तिथल्या माझ्या विद्यार्थिनी. त्यांनी संत्र्याची बर्फी आणली होती. आईनं माझे डोळे भरलेले पाहिले आणि दटावलं, "काहून रडून राहिली? नवऱ्याकडेच चालली ना!" मग तिनंच पदर डोळ्यांना लावला. बाबा म्हणाले, "रिकामी बसू नको बरं का वैशू. रिकामं बसलं की माणूस खचते."

ही २००५ ची गोष्ट. तुम्ही जे मागे राहिलात त्यांना मी फोनवर "मजेत आहे" असं सांगत राहिले. जे माझ्यासारखे निघून आले, त्यांना त्या "मजेत"चा अर्थ चांगला ठाऊक असेल.

माझ्या नवऱ्याची, संदीपची, नोकरी अमेरिकेत, ओहायोतल्या डब्लिनमध्ये. मी डिपेंडंट व्हिसावर, म्हणजे नोकरी करायची परवानगी नाही. गाडी एकच, ती संदीप ऑफिसला न्यायचा, आणि मला ड्राइव्ह करता येत नव्हतंच. नागपुरात दारात उभं राहिलं तरी येणारी-जाणारी कुणीतरी "आज भाजी काय?" म्हणून विचारायची. इथे खिडकीबाहेर बर्फ, पार्किंग लॉट आणि पुन्हा बर्फ. मी भांडी घासायचे, पोळ्या करायचे, आणि घासलेली भांडी पुन्हा घासायचे. दिवसभर बोलायला कुणी नाही, म्हणून स्वतःशीच बोलायची सवय लागली.

त्या सवयीनंच मला वाचवलं. बर्फ वितळल्यावर एकदा आमच्या अपार्टमेंटच्या लाँड्री रूममध्ये मशीनचं दार उघडेना, तेव्हा मी पुटपुटले, "मेलं हे मशीन!" आणि मागून आवाज आला, "अगं बाई, मराठी?"

त्या साने काकू. पुण्याहून लेकीच्या, मुग्धाच्या, बाळंतपणाला आल्या होत्या. मुग्धा आणि तिचा नवरा निखिल आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहत होते आणि मला पत्ताच नव्हता! काकूंनी तिथेच माझं सासर, माहेर, शिक्षण सगळं विचारून घेतलं, आणि संध्याकाळी डिंकाचे लाडू घेऊन दारात हजर.

मुग्धाच्या मुलीचं बारसं शनिवारी सकाळी ठरलं. शुक्रवारी दुपारी काकू पुन्हा आल्या, पण या वेळी चेहरा उतरलेला.

"वैशाली, तू कॉम्प्युटर शिकवायचीस ना? वर चल जरा. मुग्धा रडतेय."

वर गेल्यावर सगळा उलगडा झाला. निखिलची आई तो शाळेत असतानाच गेली होती. त्याला मोठं केलं ते त्याच्या बहिणीनं, मंजूताईंनी. त्या नाशिकला. बारशाला त्यांनी यावं म्हणून निखिलनं जिवाचं रान केलं, पण व्हिसा मिळाला नाही. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. मग असं ठरलं की मंजूताईंनी नाशिकच्या सायबर कॅफेत कॅमेऱ्यासमोर बसायचं आणि तिथून नाव सांगायचं. त्यासाठी मुग्धाच्या कॉम्प्युटरवर व्हिडिओ कॉलचं सॉफ्टवेअर हवं होतं, आणि तेच डाउनलोड होईना. शेवटापर्यंत यायचं आणि गायब व्हायचं. निखिल दोन दिवस झगडला होता. आज त्याला ऑफिसमधून निघता येत नव्हतं.

मी खुर्चीत बसले. कित्येक महिन्यांनी कीबोर्डवर बोटं ठेवली. कॉम्प्युटर इतका स्लो, की एक फोल्डर उघडेपर्यंत काकूंनी चहा टाकला आणि गाळलासुद्धा. खाली कोपऱ्यात पाहिलं तर अँटीव्हायरसची दोन चिन्हं शेजारी शेजारी. एक कॉम्प्युटरबरोबरच आलेला, मुदत संपलेला. दुसरा निखिलनं नंतर टाकलेला.

"काकू, दोन-दोन अँटीव्हायरस आहेत. येणारी प्रत्येक फाइल दोघंही एकदमच तपासायला धरतात. म्हणून मशीन रखडतं आणि डाउनलोड अर्धवट तुटतं."

"म्हणजे एका स्वयंपाकघरात दोन सासवा," काकू म्हणाल्या. "मग भात करपणारच."

मुग्धा रडता रडता हसली.

जुना अँटीव्हायरस बंद केला, तर तो आपोआप पुन्हा सुरू झाला. काढून टाकायला गेले, तर निम्म्यात अडकला आणि पडदा निळा पडला. मुग्धानं डोळे मिटून घेतले. बाळाचे सगळे फोटो त्याच मशीनवर होते. पण इन्स्टिट्यूटमधल्या जुनाट मशीन्सनी मला हे सगळं आधी दाखवलेलं होतं. कॉम्प्युटर सेफ मोडमध्ये, म्हणजे अगदी गरजेपुरत्या गोष्टींवर सुरू केला, आणि तिथून त्या पहिल्या सासूबाईंना मुळासकट काढलं. पुन्हा सुरू केल्यावर मशीन असं पळालं, की काकूंचा दुसरा चहा व्हायच्या आत सगळं उघडलेलं.

तरीही डाउनलोड एकदा अडलंच. या वेळी राहिलेल्या अँटीव्हायरसनं फाइल संशयानं बाजूला ठेवली होती. ती कंपनीच्या खऱ्या साइटवरचीच आहे ना, हे नीट पाहिलं, अँटीव्हायरस अपडेट केला, फाइल पुन्हा तपासली आणि मग आत येऊ दिली. अँटीव्हायरस बंद करून मोकळं व्हायचा मोह झाला होता, पण बाळाच्या घराचं दार कोण उघडं टाकेल?

शनिवारी सकाळी मुग्धाचा हॉल बायकांनी भरला. पाळणा दुकानातला, पण त्यावर काकूंची पुण्याहून आणलेली झालर. पडद्यावर मंजूताई, पैठणी नेसून, नाकात नथ. नाशिकला संध्याकाळ झालेली. सायबर कॅफेतली पोरं आपापले गेम सोडून त्यांच्या मागे उभी. निखिलनं स्पीकर पाळण्यात बाळाच्या कानाजवळ धरला.

"कुर्रर्र..." मंजूताई म्हणाल्या, आणि चित्र थिजलं. मग आवाज पुन्हा आला, जरा कातर, पण स्पष्ट, "ईरा. बाळा, तुझं नाव ईरा."

निखिलनं मान खाली घातली. त्याचे खांदे हलत होते.

"आता आत्याच्या पाठीत धपाटे घाला!" कुणीतरी ओरडलं. "पण पाठ कुठाय?"

पडद्यावरून मंजूताईच म्हणाल्या, "अगं, माझ्या वाटचे त्या वैशालीला घाला! मला तिथे तिनंच आणलंय ना!"

आणि धपाधप हात पडले. संदीप सोडला तर इतक्या महिन्यांत या देशात कुणी मला हातही लावला नव्हता, आणि आता पाच-सहा जणी मिळून मला बडवत होत्या. मी हसत होते आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. काकूंनी शेवटचा धपाटा घालून तसंच जवळ ओढलं.

सोमवारपासून आमचा फोन वाजायला लागला. "वैशाली, आमचाही पीसी स्लो झालाय यार, येतेस का?" मी एका घरून दुसऱ्या घरी जाऊ लागले. व्हायरस काढायचे, डाळ-भात खायचे, गप्पा मारायचे. मुग्धानं मला ड्राइव्ह करायला शिकवलं. पुढे वर्क परमिट आलं, नोकरीही लागली. ईरा मला आत्या म्हणते. तिला बारशाचा व्हिडिओ दाखवला तर डोळे मोठे करून म्हणाली, "आत्या, व्हाय डिड दे हिट यू?" मी तिला मराठीत समजावलं. किती कळलं कोण जाणे, पण तिनंही हळूच एक धपाटा घातला.

मध्यंतरी नागपूरला जाऊन आले. निघताना आईनं हातावर दही ठेवलं आणि सहज म्हणाली, "घरी पोचली की फोन कर." आजवर ती "तिकडे पोचली की" म्हणायची. बदल तिच्या लक्षातही आला नाही. मी चप्पल घालता घालता थांबले. इकडे कोलंबसच्या विमानतळावर मुग्धा घ्यायला आली होती. बॅग डिकीत टाकून तिनं विचारलं, "घरी सगळे बरे आहेत ना?"

एकाच प्रवासात दोघींनी दोन वेगळ्या जागांना घर म्हटलं. मी दोघींनाही "हो" म्हणाले.