दूध घालून झालं की इंग्रजी

पगार घेऊन शिकवलं की पेन्शन मिळते आणि फुकट शिकवलं की किस्से मिळतात! देवाच्या दयेनं मला दोन्ही मिळतंय. हायस्कूलमध्ये जन्मभर इंग्रजी शिकवलं, पण तिथं एवढे किस्से कधी साठले नाहीत. पोरं वर्गात शिकलेलं वर्गातच ठेवून जातात. मोठी माणसं ते घरी नेतात, रानात नेतात, आणि तिथं व्हायचं ते होतंच.

निवृत्त झाल्यावर बेंबळी गावात वाचनालयाच्या खोलीत मी मोठ्यांसाठी इंग्रजीचा वर्ग काढला. वेळ घड्याळावर नाही. डेअरीत दूध घालून झालं की वर्ग!

* * *

पहिल्याच दिवशी मी जाहीर केलं, "फी नाही."

एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर शंकरमामा ताडकन उठले. "फुकटची इद्या अंगी लागत न्हाय, मॅडम!"

दुसऱ्या दिवशी टेबलावर वांगी. तिसऱ्या दिवशी आणखी वांगी. आमच्या घरात खाणारी तोंडं दोन! भरली वांगी झाली, भरीत झालं, शेवटी आमचे हे ताट बघूनच "भूक नाही" म्हणायला लागले. मग मी वर्गातच सांगून टाकलं, "नो मोर ब्रिंजल, प्लीज!"

सगळ्यांना अर्थ बरोबर कळला. मला कोण आनंद झाला!

दुसऱ्या दिवशी टेबलावर दोडके.

* * *

आमच्या वर्गात सगळ्यात तळमळीनं शिकायच्या त्या सुशीलाबाई. वय पन्नाशीच्या पुढं. मुलगा पुण्यात कंपनीत. त्यानं केरळची मुलगी पसंत केली. मुलीचे आईवडील बोलणी करायला बेंबळीला येणार होते आणि त्यांना ना मराठी येत होती ना हिंदी. बोलायचं तर इंग्रजीच.

मुलगा फोनवर म्हणाला, "आई, तू फक्त हस. बाकी मी सांभाळतो."

दुसऱ्या दिवशी बाई वर्गात हजर. "म्या काय भिंतीवरचा फोटो हाय का, नुसतं हसायला? इहीणबाईसंगं म्याच बोलणार!"

त्यांचे मालक त्यांना सोडायला यायचे आणि वर्ग सुटेपर्यंत बाहेर पायरीवर बसायचे. मी एकदा म्हटलं, "तुम्हीपण या की आत."

"नगं मॅडम. घरात एक साहेब बास झाला."

* * *

मग आम्ही विहीणबाईंची तालीम सुरू केली. विहीण कोण? शंकरमामा! डोक्यावरून टॉवेलचा पदर घेऊन खुर्चीत ऐसपैस बसले.

"विल यू हॅव टी?" सुशीलाबाईंनी विचारलं.

"नो, थँक यू," मामा पाठ केल्याप्रमाणे म्हणाले.

इथं संवाद संपायला हवा होता. पण बाई कसल्या सोडतात! "विल यू हॅव टी?" "नो, थँक यू." "विल यू हॅव टी?" पुन्हा तेच. शेवटी बाई उठल्या, समोरच्या हॉटेलातून खराखुरा चहा आणला आणि मामांच्या हातात दिला. मामांनी तो मुकाट्यानं पिऊन टाकला.

"अहो, नाही म्हणाले ना ते!" मी ओरडले.

"न्हाय तर म्हणणारच की! पैल्यांदा व्हय म्हणणारा कसला पाव्हणा?"

मी समजावून सांगितलं, की इंग्रजीत एकदा नाही म्हटलं की नाहीच. वर्ग हळहळला. मामा मिश्या पुसत म्हणाले, "मग त्यांच्यात पाव्हणं उपाशीच जात असत्याल, बिचारी!"

* * *

गोरख शेरडं राखतो. त्याची अडचण वेगळी. दिवसभर रानात, तर इंग्रजीचा सराव करायचा कुणाशी? मी सहज म्हटलं, "जो समोर असेल त्याच्याशी बोल."

समोर शेरडंच! झालं. "कम हियर", "गो देअर", "डोन्ट ईट" असं दिवसभर चाललं.

महिन्याभरानं गोरखचा थोरला भाऊ तणतणत माझ्या दारात. गोरख सोयरिकीला गेला होता, म्हणून शेरडं घेऊन हा गेला होता रानात.

"मॅडम, मला बी वर्गात घ्या."

"का हो, एकदम?"

"शेरडं माझं ऐकंनात!"

* * *

मी एकदा परीक्षा घेतली. स्वतःबद्दल चार वाक्यं लिहायची. पेपर तपासायला घेतले तर प्रत्येकाच्या पेपरात एक वाक्य हमखास, 'माझ्याकडे खूप शेळ्या आहेत.' सुशीलाबाईंच्या पेपरातसुद्धा! त्यांच्या दारात शेळीचं करडूसुद्धा नाही.

"बाई, गोरखचं बघून लिहिलंत ना?"

"बघून कशाला? त्यानंच दाखवलं. आमी अडल्यालो त्याला बघवंना."

"मग निदान शेळ्या तरी गाळायच्या!"

"त्याचं बरोबर हुतं की, मॅडम. बरोबर हाय ते कशाला गाळायचं?"

मी सगळ्यांना पास केलं. दुसरं काय करणार?

* * *

आणि मग पाहुणे आले.

आदल्या दिवशी सुशीलाबाईंना ताप. मला म्हणाल्या, "मॅडम, तोंड उघडलं न्हाय तर जल्मभर लेक म्हणंल, म्या म्हणलं हुतं तुला, नुसती हस." दुसऱ्या दिवशी मी सकाळपासून त्यांच्याकडं ठाण मांडलं.

मुलगा धाराशिवच्या स्टेशनवरून पाहुण्यांना घेऊन आला. चहापाणी झालं आणि तो सासऱ्यांना रान दाखवायला घेऊन गेला. माजघरात आम्ही बायकाच राहिलो. विहीणबाई, सुशीलाबाई, त्यांच्या दोन जावा आणि मी. मालक अंगणात बैलांना पाणी पाजत होते.

सुशीलाबाईंनी पदर सारखा केला. "वेलकम टू अवर हाऊस. हाऊ वॉज युवर जर्नी?"

विहीणबाईंचा चेहरा असा खुलला! दोघींची गाडी निघाली. किती मुलं, रान केवढं, पाऊस कसा. अडखळत, हातवारे करत, पण निघाली. जावा पुरण वाटता वाटता बघत होत्या. मी देवाचे आभार मानत होते.

तेवढ्यात विहीणबाईंनी अंगणाकडं बघून हसत विचारलं, "व्हॉट इज युवर हजबंड्स नेम?"

आमच्याकडं या वयाच्या बायका नवऱ्याचं नाव तोंडातून काढत नाहीत. उखाण्यात घेतलं तर घेतलं, तेही लग्नाकार्यात. म्हणून तर हा प्रश्न मी वर्गात कधी शिकवलाच नव्हता! थोरल्या जाऊबाईंचा पुरण वाटणारा हात थांबला. पाहुणीला वाटलं, प्रश्न कळला नाही. तिनं पुन्हा विचारला, सावकाश, एकेक शब्द सोडवून.

मी नाव सांगायला तोंड उघडलं. सुशीलाबाईंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, घट्ट. कानापर्यंत लाल झाल्या होत्या. पण मान वर केली आणि चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाल्या,

"हिज नेम इज... दत्तात्रय!"

अंगणात बादली ठेवल्याचा आवाज आला. मालक ओले हात धोतराला पुसत दारात येऊन उभे राहिले.

"मॅडम, हाक मारली का मला?"

"मी नाही हो!"

त्यांनी विहीणबाईंकडं पाहिलं. थोरल्या वहिनीकडं पाहिलं, धाकट्या भावजयीकडं पाहिलं.

"मग कुणी मारली?"