चमच्याला गुंडाळलेलं फडकं

रहिवासी, खोली क्रमांक सात. व्यवसाय: सुतारकाम, सध्या निवृत्त. घराची निगा: उत्तम. शेजाऱ्यांच्या तक्रारी: निरंक.

या सुतारकाकांची बायको अंथरुणाला खिळली होती. हाक मारायला ती चमच्याने वाटी वाजवायची. शेजारणीची दुपारची झोप मोडू नये म्हणून काकांनी चमच्याला फडकं गुंडाळलं.

"अहो, आता तुम्हाला तरी ऐकू येईल का?"

"मला लाकडातला किडासुद्धा ऐकू येतो!"

एका दुपारी वरच्या मजल्यावर कुणाचं दार कुरकुरतंय म्हणून काका बिजागरीला तेल घालायला गेले. परतले तेव्हा काकू गेल्या होत्या. चमचा मुठीत घट्ट होता.

"मी भिंतीपलीकडेच होते हो, काका," शेजारीण रडत म्हणाली. "आवाजच आला नाही."

"तो मीच बंद केला होता," काका म्हणाले.