मटाराच्या दाण्याएवढं क्रीम

माझ्या चेहऱ्याची कातडी ही कातडी नव्हेच, ते चोवीस तास उघडं असलेलं तक्रार केंद्र आहे. शेजारच्या विंगेत कुणी लाल मिरचीची फोडणी दिली की माझा डावा गाल तापतो आणि फोडणीत हिंग जास्त पडला असेल तर उजवाही. लग्नाआधी मला बघायला आलेल्या मंडळींनी ‘मुलगी लाजाळू दिसते’ असं ठरवलं, ते केवळ मी त्या दिवशी नवी पावडर लावली होती म्हणून. लाज माझ्याकडे त्याआधी कधी नव्हती, नंतरही आली नाही.

आता मुद्द्याचं. वाघोलीला आमच्या सोसायटीत नरक चतुर्दशीला दिवाळी पहाट असते. गाणारे आपलेच, पेटीवाले आपलेच, ऐकणारेही आपलेच, त्यामुळे मधेच उठून जायची कुणालाच सोय नाही. निवेदन सहा वर्षं माझ्याकडे. पण गेल्या वर्षी अभ्यंगस्नानाला सासूबाईंनी नेहमीप्रमाणे घरचं उटणं माझ्या तोंडाला फासलं आणि मी मंचावर पोचेपर्यंत चेहरा असा काही पेटला, की पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी आकाशकंदील समजून मला हात जोडले. हे मी शपथेवर सांगते. बाकीचं थोडं वाढवलेलं असू शकतं.

यंदा दिवाळीला तीन आठवडे असताना सोसायटीचे चिटणीस लिफ्टपाशी भेटले. फार सौजन्यानं म्हणाले, “ताई, आपल्याला त्रास नको म्हणून विचारतोय. यंदा निवेदन सी विंगच्या वहिनींना देऊ का?”

“त्रास कसला?”

“नाही म्हणजे, फोटो सगळ्या ग्रुपवर जातात हो.”

“निवेदन मीच करणार,” मी म्हटलं. “आणि फोटो जवळून काढायचे.”

म्हटलं खरं, पण घरी येऊन आरशात पाहिलं तर नाकाच्या दोन्ही बाजूंनी पापुद्रे सुटलेले. दुसऱ्याच दिवशी मी सदाशिव पेठेतल्या त्वचेच्या डॉक्टरीणबाईंसमोर जाऊन बसले. माझी नोकरी त्याच गल्लीतल्या क्लासमध्ये. रोज वाघोलीहून स्कूटरनं येते, डोळे सोडून सगळं तोंड स्कार्फनं गुंडाळून.

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. “आजवर काय काय लावलंय?”

मी यादी सांगायला घेतली. कोरफड, साय, बेसन, मसुराचं पीठ, गुलाबपाणी, भाचीनं परदेशातून आणलेला चिखल...

“तोंड आहे की कोशिंबीर?” बाई म्हणाल्या. “हे सगळं बंद. साधं पाणी आणि हे एक मॉइश्चरायझर. हलकं आहे, वास नाही. आधी तीन दिवस कानामागे. मग तीन दिवस जबड्याच्या कडेला. काही झालं नाही, तरच सगळ्या चेहऱ्याला. मटाराच्या दाण्याएवढं.”

“सगळ्या चेहऱ्याला एका मटाराएवढं?”

“चेहरा तुमचा एकच आहे ना?”

असं उत्तर मिळाल्यावर पुण्यात माणूस उठतो. मी उठले.

ट्यूब उघडली तर क्रीम इतकं हलकं, की बोटावर घेऊन कानापर्यंत नेईतो ते बोटावर आहे की नाही याची मला दोनदा खात्री करावी लागली. चिकट नाही, वास नाही, झोंबत नाही. इतकी वर्षं जे लावलं ते आधी पांढरं दिसायचं आणि मग जाळायचं, त्यामुळे ह्याचा मला संशयच आला. पण मी नेम सोडला नाही. तीन दिवस कानामागे लावलं आणि भेटेल त्याला कान पुढे दुमडून दाखवला. “काही दिसतंय?” “नाही.” “नीट बघा.” “ताई, कान आहे.” मग तीन दिवस जबड्याला. तिथंही शांत. सातव्या दिवशी मोजून एक दाणा सगळ्या चेहऱ्याला लावला, कपाळापासून हनुवटीपर्यंत, डोळ्यांच्या कडांनाही. नाकाचे पापुद्रे बसले. आरशासमोर उभी राहून मी निवेदनाची पहिली दोन पानं मोठ्यानं म्हटली.

आठव्या दिवशी संध्याकाळी क्लासमधून परतले, स्कार्फ सोडला, आणि नवऱ्यानं हातातला चहा खाली ठेवला. तो चहा कशासाठीच खाली ठेवत नाही.

“अगं, तोंड बघ तुझं.”

तोंड विटेच्या रंगाचं झालं होतं. खाजत होतं, तापत होतं. “फेक ती ट्यूब,” तो म्हणाला, “आणि त्या चिटणिसांना फोन करून सांग, की दे म्हणावं सी विंगला.” मी फोन हातात घेतलासुद्धा. पण फोन लावायच्या आधी पुन्हा एकदा आरशात पाहिलं, आणि पाहतच राहिले. डोळ्यांभोवतीचा चार बोटांचा पट्टा स्वच्छ होता. वर कपाळ लाल, खाली गाल-हनुवटी लाल, मधे पट्टा जसाच्या तसा. मी स्कार्फ काढला होता आणि तरी माझ्या तोंडावर स्कार्फ होता.

क्रीम तर त्या पट्ट्यालाही लावलेलं!

मी दारामागच्या खुंटीवरचा स्कार्फ ओढला, दिव्याखाली धरला आणि झटकला. बारीक पिवळसर धूळ उडाली, आणि तिला वास होता. कचोरा, वाळा, आंबेहळद. हा वास मी झोपेतही ओळखीन. दर दिवाळीला तो माझ्या छाताडावर बसतो.

सासूबाई आत पणत्या धूत होत्या. मी स्कार्फ घेऊन त्यांच्यापुढे उभी राहिले.

“आई, यंदाचं उटणं कशातून गाळलंत?”

“ह्यातूनच की,” त्या मान वर न करता म्हणाल्या. “दुकानातली चाळणी काय कामाची? उटणं वस्त्रगाळच पाहिजे. तुझ्या त्या जुन्या स्कार्फाइतकं मऊ फडकं घरात दुसरं नाही. काल रात्री तू निजल्यावर गाळलं, आणि चांगला झटकून ठेवला हो परत जागेवर.” मग त्यांनी वर पाहिलं. “अगंबाई, हे काय?”

“हे तुमचं उटणं. दिवाळीच्या आधीच लागलं.”

नवरा दारात उभा राहून हसायला लागला, मग माझ्याकडे बघून थांबला. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी माझ्या हातातून स्कार्फ घेतला, तीन पाण्यांतून काढला, आणि रात्री जेवताना एकच वाक्य बोलल्या, “पंचवीस वर्षं तुला सोसत नव्हतं, तर बोलायचंस.” मी पंचवीस वर्षं बोलतच होते. पण मी इतकं बोलते, की त्यातलं खरं कोणतं हे घरच्यांनी कधीच शोधणं सोडून दिलेलं. हा दोष मात्र मला उटण्यावर ढकलता येईना.

डॉक्टरीणबाईंनी फोनवर सगळं ऐकून घेतलं. “दोन दिवस नुसतं पाणी. मग तेच क्रीम. आणि स्कार्फ नवा घ्या. घालायच्या आधी धुवा.”

रविवारी तालीम होती. चेहरा विटेवरून पेरूच्या आतल्या रंगावर आला होता, पण चिटणिसांना दाखवण्याजोगा नव्हता. मी नवा, धुतलेला सुती स्कार्फ तोंडाला बांधूनच गेले आणि तसंच निवेदन केलं.

“ताई, स्कार्फ काढता का? आवाज दबतोय.”

“नगर रोडच्या धुळीतून आत्ताच येतेय,” मी ठोकून दिलं. “पहाटेला काढते.”

सी विंगच्या वहिनी माझे कागद मागायला पुढे आल्या होत्या. मी ते पर्समध्ये घातले.

मग रोज सकाळ-संध्याकाळ एक दाणा. जास्त नाही, कमी नाही. लाली एकेक गल्ली सोडत मागे हटली.

नरक चतुर्दशीला चार वाजता पाटावर बसले. सासूबाईंनी तेल लावलं, हातापायांना, पाठीला उटणं लावलं, आणि सवयीनं त्यांचा भरलेला हात माझ्या गालाकडे आला. मी मनगट धरलं. मग त्यांनी हात बादलीत बुडवला, साबणानं धुतला, कोपरापर्यंत. माझी आंघोळ उरकली तर दाराबाहेर हात पुढे करून उभ्या.

“आण ते मलम. पहिल्या आंघोळीला तोंडाला घरच्या माणसानंच लावायचं असतं.”

मी ट्यूब दिली. त्यांनी बोटावर थेंब काढला, उजेडात धरून पाहिला.

“एवढंसंच?”

“एवढंच.”

“ह्याला तर वासही नाही गं,” असं पुटपुटत त्यांनी ते माझ्या कपाळाला, गालांना, हनुवटीला लावलं, उटण्याच्या निम्म्यानंही जोर न लावता.

साडेपाचला मंचाच्या पायरीशी चिटणीस माइक घेऊन उभे होते. त्यांनी पणतीच्या उजेडात माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग मोबाइलचा टॉर्च लावून पाहिलं.

“काही दिसतंय?” मी विचारलं.

“नाही हो.”

“मग द्या तो माइक.”