टिटवीची खाट

फोटो काढणाऱ्या मंडळींत कोणी मला विचारलं की पक्ष्यांचे फोटो कोणाकडे शिकलात, तर मी झुंबरबाईंचं नाव सांगतो. समोरचा लगेच विचारतो, त्या कुठला कॅमेरा वापरतात. मी शिकलो तेव्हा झुंबरबाईंनी कॅमेरा हातातही धरला नव्हता. निफाडच्या पुढे, नांदूरमध्यमेश्वरच्या पाणथळीला लागून त्यांचं रान आहे. २०१२च्या हिवाळ्यात मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं, ते त्या दोन म्हशी घेऊन थेट माझ्या फ्रेममध्ये शिरल्या तेव्हा.

मी चिडलो. शहरातल्या इंदिरानगरातून अंधारात निघालेला माणूस, तासभर चिखलात सरपटत चक्रवाकाच्या एका जोडीकडे चाललेला, आणि ही बाई आरामात म्हशी हाकत मधून जाते. मी म्हणालो, "मावशी, पक्षी उडतील ना."

"म्हशीला नाय उडत ते. तूच मघापासनं उडवायला लागलाय," त्या म्हणाल्या आणि पुढे गेल्या.

चक्रवाक जागचे हलले नाहीत. म्हैस त्यांच्यापासून दहा पावलांवर चरू लागली. मी सरपटत होतो तेवढा वेळ मात्र ती जोडी माझ्यापासून हळूहळू दूर सरकत होती, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. पन्नाशीला आलेला, बँकेत हाताखाली बारा माणसं असलेला मी, मुकाट्याने उठून त्या बाईंच्या मागे गेलो.

पुढची नऊ वर्षं दर रविवारी मी त्यांच्याकडे जात राहिलो. आज ते रविवार आठवले की गलबलून येतं, कारण ते मी माझ्याच हाताने घालवले. त्या मला शिकवत होत्या असं त्यांना कधी वाटलं नसेल. त्या म्हशी राखत होत्या, मी सोबत होतो. "सरळ नको जाऊ त्याच्याकडं. सरळ चाललास का त्याला वाटतं, खायला आला." मग आम्ही तिरके चालायचो, दोन पावलं पुढे, एक बाजूला, मधे म्हैस. "त्याच्याकडं बघू नको. म्हैस बघती का? गवताकडं बघ." पक्षी मान वर करून थांबला की आपणही थांबायचं, तो पुन्हा टिपायला लागला की पुढे सरकायचं. ऊन पाठीवर घ्यायचं, म्हणजे त्याच्या डोळ्यात उजेड येतो. हे पुस्तकात मी वाचलं होतं. झुंबरबाईंचं कारण वेगळं होतं. ऊन आपल्या डोळ्यावर असलं की आपण हात कपाळावर धरतो, आणि वर उचललेला हात पाहिला की पाखरू उडतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे खाली बसायचं. उभ्याने काढलेल्या माझ्या फोटोंत पक्षी जमिनीवर सांडल्यासारखे दिसायचे. पोटावर पडून त्यांच्या डोळ्याच्या पातळीवरून काढायला लागलो, तेव्हा त्यांना चेहरे आले.

त्यांच्या घरात एक रीत होती. टिटवी उघड्या रानात, ढेकळांतच अंडी घालते. मातीच्याच रंगाची, तपकिरी ठिपक्यांची चार अंडी, पायाखाली आली तरी कळत नाहीत. गहू निघाला की चैत्र-वैशाखात नांगरट येते. त्याआधी झुंबरबाई सगळं रान पायाखाली घालायच्या आणि अंडी दिसली की शेजारी चिंधी बांधलेली काठी रोवायच्या. नांगर तिथे आला की वळसा घ्यायचा. नांगरलेल्या काळ्या रानात खाटेएवढा तुकडा तसाच राहायचा. त्याला त्या टिटवीची खाट म्हणायच्या. सासूपासून चालत आलेलं होतं. पुढे अंडी ओळखायला मीही शिकलो. "आता ह्या घरात दोघांनाच दिसत्यात," त्या म्हणायच्या, आणि 'ह्या घरात' हे ऐकून मला फार बरं वाटायचं.

२०२२च्या एप्रिलमध्ये मी माती खाल्ली. टिटवीचा फोटो चांगला आला होता, अंड्यांवर सावली धरून उभी असलेली. आमच्या ग्रुपवर टाकला. वाहवा सुरू झाली आणि मी फुगलो. कोणीतरी विचारलं, घरटं शोधता कसं? मी शहाण्याने लिहिलं, "सोपं आहे. त्या भागात चिंधीची काठी दिसली की समजा घरटं."

पुढच्या रविवारी तीन गाड्या आल्या. मी नव्हतो, पण ते माझ्याच शब्दावर आले होते. फ्रेम साफ दिसावी म्हणून कोणीतरी अंड्यांभोवतीची ढेकळं आणि गवताची काडी न् काडी उचलून टाकली. दुपारी बारापर्यंत माणसं हलली नाहीत आणि टिटवी वरून ओरडत घिरट्या घालत राहिली.

मला कळलं संध्याकाळी, झुंबरबाईंचा मुलगा सहादू याच्या फोनवरून. मी तसाच गाडी काढून गेलो. त्या ओट्यावर बसल्या होत्या. मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, "उन्हात शिजली चारीबी." रानातल्या सगळ्या काठ्या त्यांनी उपटून आणल्या होत्या, त्यातली एक माझ्यापुढे ठेवली आणि आत गेल्या. मी ग्रुप सोडला, माफी मागायला चारदा गेलो. त्या घरात असायच्या, पण बाहेर आल्या नाहीत.

काठ्या गेल्या, पण नांगर थांबणार नव्हता. मग झुंबरबाईंनी दुसरा उपाय काढला. सहादू मला फोनवर सांगायचा. नांगरटीच्या दिवशी त्या स्वतः अंड्यांपासून चार हात अंतरावर पदर डोक्यावर घेऊन बसायच्या, ट्रॅक्टर वळसा घालून पुढे जाईपर्यंत. सत्तरी उलटलेली बाई, वैशाखाच्या उन्हात. एवढं सगळं एका ओळीच्या फुशारकीपायी झालं होतं.

चार वर्षं अशीच गेली. यंदा एप्रिलात सहादूचा फोन आला. "आई पडली वो. खुब्याचं हाड मोडलं. आपरेशन झालं, पण उठायचं नाय म्हणलेत. उद्या ट्रॅक्टर यायचाय. मी कांद्याच्या काढणीत अडकलोय आन् मला ती अंडी दिसत नायत. आई म्हणती, त्याला बोलव."

नाव नव्हतं घेतलं त्यांनी. मला 'त्याला' एवढं पुरलं.

सकाळी सातला पोचलो. झुंबरबाई कॉटवर पडून होत्या, अर्ध्या झालेल्या. माझ्याकडे न बघता बोलल्या, "बाभळीच्या बांधापासनं वीस पावलं. जवळ जाऊ नको. बसून राहा."

कॅमेरा पिशवीत ठेवला आणि गेलो. अंडी सापडली. चार हात अंतरावर अंग तिरकं करून बसलो. टिटवी डोक्यावर ओरडत होती. मी ढेकळांकडे बघत राहिलो. अर्ध्या तासाने ती खाली उतरली, तिरकी तिरकी चालत आली आणि बसली. ट्रॅक्टर आला तेव्हा मी नुसता हात जमिनीलगत हलवला. ड्रायव्हरने वळसा घेतला. टिटवी मान ताठ करून बसून राहिली. साडेदहाला रान काळं झालं होतं आणि मधे एक खाट शिल्लक होती.

परत येऊन मी सांगितलं, "मावशी, राहिलं. बसलीय ती."

"दाखव."

"काय?"

"फोटू."

"नाही काढला मावशी. पिशवीतून कॅमेरा बाहेरसुद्धा काढला नाही," मी सांगितलं. खरं म्हणजे मला त्याचं थोडं कौतुकच वाटत होतं.

झुंबरबाईंनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. डोळे भरलेले होते. "येडा का खुळा तू? मला आता चालता येतंय का तिथवर? मी बघू कशी?"

मी तसाच उलट्या पावली रानात गेलो. ऊन पाठीवर घेतलं, लांबूनच पोटावर पडलो, नांगरलेल्या मातीत हनुवटी टेकवली, कॅमेरा ढेकळावर ठेवला. टिटवीने एकदा मान वळवली, तेवढ्यात एकच फोटो काढला आणि मागे सरकलो.

कॅमेरा त्यांच्या हातात दिला. तो कुठे धरायचा हेही त्यांना माहीत नव्हतं. मागचा पडदा डोळ्यांजवळ नेऊन त्या बराच वेळ बघत राहिल्या.

"माझ्याकडंच बघती," त्या म्हणाल्या.

सून चहा घेऊन आली. झुंबरबाईंनी मानेनेच तिला माझ्याकडे खूण केली, ह्याला दे म्हणून, आणि कॅमेरा काही खाली ठेवला नाही.