डिंभ्याला नेलेली लॉक-पक्कड

इतकी वर्षं कुणालाच सांगितलं नव्हतं, ते आधी लिहितो. माझा मित्र दत्ता, त्याची बहीण सुमन. तिचा उजवा गुडघा वाकत नाही, तो माझ्यामुळे. सगळे समजतात दत्तामुळे. सुमन मागं बसलेली, उतारावर त्यानं ब्रेक जोरात दाबला आणि गाडी आडवी झाली, असं गाव बोललं आणि त्यानंही ते मान्य केलं. खरं असं, की त्याच्या मोटरसायकलचं चेन ओढणारं पुढचं दातेरी चाक आदल्याच दिवशी मी बदललं होतं. ते चाक शाफ्टावर धरून ठेवणारी रिंग काढायला वेगळी पक्कड लागते. माझ्याकडे नव्हती, मागायची लाज वाटली. स्क्रूड्रायव्हरनं उचकटली. रिंग वाकली, ती मला दिसली, आणि तीच मी परत बसवली. उतारावर ती निसटली, चेन अडकली, मागचं चाक जाम झालं.

तेव्हापासून दत्ता गाडीवर बसला नाही. विकलीही नाही. दर दसऱ्याला धुऊन हार घालतो. यंदा मुलीला घोडेगावच्या कॉलेजला जायला गाडी हवी झाली, तेव्हा त्याचा फोन आला. "तूच ये राव. तुझ्या हाताची सवय हाये तिला."

नाशिकहून निघून आळेफाट्याला उतरलो. ट्रकांची रांग, तळणीचा वास, हातोड्यांचे आवाज. स्पेअरच्या दुकानात मालकीणबाईंनी लॉक-पक्कडी (रिंग उघडायच्या बारीक टोकांच्या पकडी) समोर ओतल्या. शाफ्टावरच्या रिंगेला दाबल्यावर टोकं उघडणारी लागते, भोकातल्या रिंगेला मिटणारी. टोकं बदलून दोन्ही कामं करणारी मी बाजूला ठेवली. तिचा सांधा डुगडुगत होता. मग नवी रिंग मागितली आणि एकेका पकडीनं ती उघडून बघू लागलो. रिंग सपाट राहिली पाहिजे, पिळता कामा नये. टोकं भोकात घट्ट बसली पाहिजेत.

"पावणं, पक्कड घेताय का सून बघताय?" बाई म्हणाल्या.

"एकदा न बघता काम केलं होतं."

"मंग बघा निवांत. गिऱ्हाईक न्हाई तवर खुर्ची तुमचीच."

एका पकडीनं रिंग अशी अलगद उघडली, की मी हात तसाच धरून बघत राहिलो. एवढं सोपं होतं तर. तीच घेतली.

दत्ताला भेटणं टाळत मी वाटेत लेण्याद्रीला चढलो. गणपतीच्या देवळाचा तो प्रचंड मंडप, मध्ये एकही खांब नाही. डोंगर आतून कोरत नेलेला. छिन्नीचा एक घाव चुकला तर दगड पुन्हा लावता येत नाही, हे माहीत असूनही माणसं आत आत शिरत गेली. हात जोडायचे राहून गेले, मी छताकडेच बघत होतो.

घोडेगावात दत्ताच्या गावाची, डिंभ्याची बस आलीच नाही. जीपच्या मागच्या फळीवर कांद्याच्या गोणीशी टेकून पोचलो. वळणावर धरणाचं पाणी एकदम समोर आलं. डोंगर उलटे होऊन त्यात उभे होते.

दत्तानं टायर, तेल, नवं दातेरी चाक, सगळं आणून ठेवलं होतं. पडवीत मी गाडीचं कव्हर उघडलं. शाफ्टावर रिंगेची खाच रिकामी, आणि तिच्याशेजारी माझ्या स्क्रूड्रायव्हरचा ओरखडा. मग मला थांबता येईना. सगळं सांगितलं.

"पुन्यांदा सांग," दत्ता म्हणाला.

पुन्हा सांगितलं.

"म्हंजे ब्रेकचं काय नव्हतं?"

"काहीच नव्हतं."

तो मारेल म्हणून मी अंग चोरून बसलो होतो. तो स्वतःच्या उजव्या पायाकडे बघत होता. "ह्या पायाला मी किती शिव्या घातल्या," तो म्हणाला, आणि पायावरून हात फिरवू लागला, जनावराला गोंजारावं तसा.

मग म्हणाला, "रिंग बसव आधी. तुझ्या शिव्या मागनं. कालवण निवतंय."

पक्कड दाबली, रिंग खाचेत बसली. दत्तानं नखानं ती फिरवून बघितली. मग चिलापीचं (धरणातल्या माशाचं) कालवण आणि तांदळाची भाकरी. जेवताना तो एवढंच बोलला, "सुमीला मी सांगू?"

"नको. मी सांगतो."

दुसरा दिवस कार्ब्युरेटर आणि प्लगमध्ये गेला. तिसऱ्या प्रहरी दत्तानं किक मारली, मुलीला मागं बसवलं आणि धरणाच्या कडेनं निघाला. पहिल्या उतारावर मागचा दिवा लागला. त्यानं ब्रेक दाबला होता, बेतानं. पन्नाशी उलटलेला माणूस आणि त्याचा तो पाय, यात मला लेण्यातल्या छतापेक्षा मोठं काही दिसलं.

परतताना जुन्नरला उतरलो. सुमन तिथे दिली आहे. ओट्यावर पाय लांब करून घेवडा निवडत होती. चहा केला.

"दादा गाडी चालवतोय म्हणं? आता तरी हळू दाब म्हणावं ब्रेक. आशोकदादा, तुमी व्हता म्हणून गाडी नीट झाली."

मी चहा संपवला. कप विसळून पालथा घातला. निघालो.

या सगळ्या प्रवासात मी जे बघितलं ते मला झेपण्यापेक्षा मोठं होतं, आणि जे करायचं होतं ते एका वाक्याचं होतं. दत्ता माझ्या शब्दावर गप्प आहे. सुमनला खरं सांगायचं देणं मी अजून लागतो.