सोबत न येणारी

रागिणीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, झाला तेव्हा देवरावांनी स्वतःच्या हातानं गुलछडीचे हार ओवले होते. अकोल्यात त्यांचं फुलांचं दुकान. लोकांच्या लग्नाचे हार गुंफण्यात आणि नवरदेवाच्या गाड्या सजवण्यात त्यांचा जन्म गेलेला. आपल्या पोरीच्या लग्नात काय काय करायचं हे त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. फक्त तारीख ठरायची होती. ती काही ठरेना.

रागिणी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन. दहा लोकांचं रक्त काढून अकराव्याशी तितक्याच शांतपणे बोलणारी. सुई टोचताना ती पेशंटला विचारायची, "आज काय जेवले?" आणि तो आठवेपर्यंत काम झालेलं असायचं. तिचा होणारा नवरा सागर अमरावतीचा, आईला एकुलता एक, वडील तो शाळेत असतानाच वारलेले. मेकॅनिकलचा एम.ई. होऊन एका खाजगी कॉलेजात कंत्राटावर शिकवत होता. त्याच्या शाखेला विद्यार्थी येईनासे झाले होते. वर्गात बाकं जास्त आणि पोरं कमी. शाखा बंद होणार हे शिपायालाही माहीत होतं. म्हणून त्यानं कॅनडासाठी नाव टाकलं होतं. तिथे वय, शिक्षण, अनुभव आणि इंग्रजी यांचे गुण देतात आणि अधूनमधून निवडीची फेरी निघते. फेरीच्या कट-ऑफच्या वर ज्याचे गुण, त्याला तिथे कायमचं राहायला यायचं बोलावणं येतं.

साक्षगंधानंतर आठवड्याभरातच त्यानं तिला फोनवर सांगितलं, "एक गोष्ट राहून गेली सांगायची. लग्न झालं की माझे गुण उतरतात."

"म्हंजे मी आली का तुमाले नुकसान?"

"तसं नाई वं. एकट्याला जास्त धरतात, जोडप्याला कमी. बायकोचं शिक्षण, इंग्रजी चांगलं असलं तर थोडे परत मिळतात."

"अन् माहं इंग्रजी?"

पलीकडून काहीच आवाज आला नाही.

"नेटवर्क गेलं काय?" रागिणीनं विचारलं आणि दोघंही हसले.

पण तिनं ते मनावर घेतलं. लॅब सुटल्यावर क्लासला गेली, नागपूरला जाऊन परीक्षा देऊन आली. वाचणं-लिहिणं निभावलं. बोलण्याच्या वेळी समोरच्या बाईनं विचारलं, मोकळ्या वेळात तुम्ही काय करता? मोकळा वेळ म्हणजे आपला नेमका कोणता, याच विचारात ती अडकली आणि वेळ संपली. जे गुण आले त्यांनी घट काही भरून निघत नव्हती. मग ठरलं, सागरची निवड होऊ द्यायची आणि त्यानंतर बार उडवायचा.

फेऱ्या निघत राहिल्या. कधी नर्सांसाठी, कधी फ्रेंच बोलणाऱ्यांसाठी, कधी सुतार-प्लंबरसाठी. सर्वांसाठी निघाली की कट-ऑफ सागरच्या वर थोडक्यात थांबलेला असायचा. लॅबमधली अनीसा म्हणायची, "रागिणी, तुझ्या इंजिनियरले रंधा मारायले शिकव. सुतार लोगों को पहले बुला रहे वहाँ." रागिणी हसायची. घरी देवराव विचारायचे, "लागला का निकाल?" आणि तिची मान हलली की म्हणायचे, "दहावीचा निकाल एकदा लागते अन् मानूस मोकळा होते. हा कोनता निकाल आला बाप्पा, दर महिन्याले नापास करते?"

त्यात सागरची तिशी उलटायला आली. वाढदिवस झाला की वयाचेही गुण उतरायला लागणार होते. इतकी वर्षं वाढदिवसाला आईकडून शिरा खाणारा पोरगा त्या वर्षी वाढदिवसाचं नाव काढू देईना.

अशातच त्याची आजी, पार्बताबाई, गेली. वय झालं होतं, हातीपायी चालती गेली. तेरवीच्या दिवशी पंगत उठल्यावर सागरची आई सत्यभामाबाई आणि देवराव ओसरीवर बसले. त्यांच्याकडची रीत अशी की घरातलं थोरलं माणूस गेलं तर ठरलेलं लग्न तीन महिन्यांच्या आत उरकायचं, नाहीतर वर्षश्राद्ध होईपर्यंत थांबायचं.

"वर्षभर थांबा म्हनता का ताई?" देवराव म्हणाले. "साक्षगंध होऊन किती दिस झाले? माह्या दुकानावर येनारा हरेक गिऱ्हाईक विचारते, तुमच्या पोरीचं कवा? दुसऱ्याच्या नवरीचा हार बांधता बांधता मले उत्तर द्या लागते."

"मले का हौस हाय भाऊ, पोराले बिनलग्नाचा ठेवाची? त्या गुनांचं काय करा, सांगा."

देवरावांनी यावर बराच विचार केलेला असावा. ते पुढे सरकून म्हणाले, "लग्न लावून टाकू. नोंद करू नका. नोंदच नाई तं कागदावर सागरराव कुवारेच."

आज हे वाचताना कुणाला हसू येईल. पण त्यात त्यांना काही वावगं वाटलं नाही. त्यांच्या घरांमध्ये लग्न लागतं ते मांडवात, चार लोकांसमोर. कचेरीतली नोंद ही पुढे कधी पासपोर्टाला किंवा बँकेत अडलं म्हणजे करायची. देवरावांची स्वतःची नोंद रागिणी दहावीला असताना झाली होती. तोवर ते सरकारदरबारी कोण होते, हा प्रश्न त्यांना कधी पडला नव्हता. सागर आधी कचरला. पण अर्जात विवाह प्रमाणपत्र मागतात एवढं त्याला माहीत होतं, आणि प्रमाणपत्र नाही म्हणजे विवाह नाही, असं त्यानं धरून टाकलं. त्यालाही ते पटवून घ्यायचंच होतं. रागिणीला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर ती हो म्हणाली असती, कारण तिलाही लग्न हवं होतं.

लग्न झालं, थोड्या माणसांत, अकोल्याच्या बाहेरच्या एका लॉनवर. सासरी चार दिवस राहून रागिणी परत अकोल्याला आली. लोकांना सांगितलं, नोकरी आहे. अमरावतीला नोकरी शोधायचीही सोय नव्हती. आता निवड होईल, मग जायचंच आहे, कशाला नवीन धरायची? सणावाराला ती सासरी जायची, दोन दिवस राहायची, परत यायची. नवऱ्याच्या घरात तिचं कपाट नव्हतं. बॅग पलंगाखाली असायची. शेजारच्या बाया म्हणायच्या, "नवी नवरी सदा माहेरीच दिसून राहिली. सासू कडक हाय का?" सासू अजिबात कडक नव्हती, हे सांगून सांगून रागिणीचं तोंड दुखलं.

आणि एका सकाळी, ती एका लहान मुलीच्या दंडाला पट्टी बांधत असताना, सागरचा फोन आला. निवड झाली होती. कट-ऑफ अचानक उतरला होता आणि तो त्यात बसला होता. अनीसानं तिच्या हातातली सुई काढून घेतली, म्हणाली, "जा बाहेर, रो ले थोडा, मैं करती." अमरावतीत सत्यभामाबाईंनी गल्लीभर पेढे वाटले. देवरावांनी दुकानाला झेंडूचं तोरण बांधलं. गिऱ्हाईकं विचारत होती, लग्न कोणाचं? ते म्हणत होते, "पोरगी कॅनडाले चालली!"

पुढच्या रविवारी बाप-लेक अमरावतीला आले. कागद भरायला मुदत होती आणि नागपूरच्या एक व्हिसा-सल्लागार बाई लॅपटॉपवर बोलणार होत्या. सागर समोर बसला, एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला देवराव. बाई भरभर विचारत होत्या, सागर सांगत होता. तेवढ्यात रागिणी चहा घेऊन आली आणि ट्रे ठेवायला वाकली.

"या कोण?" बाईंनी विचारलं.

"सून हाय आमची," सत्यभामाबाई कौतुकानं म्हणाल्या.

बाई थांबल्या. "तुम्हाला एकच मुलगा ना?"

रागिणीच्या हातात ट्रे तसाच होता.

"सागर, तुमच्या प्रोफाइलमध्ये अविवाहित आहे."

"नोंद नाई केली ना मॅडम," देवराव लॅपटॉपकडे तोंड करून मोठ्यानं बोलले, जणू बाई दूर होत्या. "मांडवातलं लग्न हाय फक्त."

"काका, तिकडं नोंद झाली का असं विचारत नाहीत. लग्न झालं का, असं विचारतात."

मग त्यांनी समजावून सांगितलं. आवाज चढवला नाही, त्यामुळे ते आणखीच कठीण वाटलं. बायको लपवली आणि उघडकीला आली, तर सागरवर बंदी येते. उघडकीला नाही आली, तरी आज जिचं नाव लिहिलं नाही तिला पुढे बायको म्हणून बोलावताच येत नाही. दोघं मिळून जाणार असं लिहिलं, तर गुण जोडप्याचे धरतात, ते या कट-ऑफच्या खाली जातात, निवड गेली. पुन्हा रांगेत, आणि आता वाढदिवसही होऊन गेलेला.

"तिसरा रस्ता हाय का कोनता?" सत्यभामाबाईंनी विचारलं.

"आहे. लग्न झालं हे खरं सांगायचं, उशिरा का सांगितलं त्याचं स्पष्टीकरण द्यायचं, आणि पत्नी सोबत येणार नाही असं लिहायचं. मग गुण एकट्याचे धरतात. पण मग खरंच सोबत जाता येत नाही. हे जातील, स्थिरावतील, मग यांच्यासाठी वेगळा अर्ज."

"त्याले किती टाइम लागते?"

"ते मला सांगता येणार नाही."

लॅपटॉप मिटला. चहा कुणी घेतला नाही. भिंतीवर पार्बताबाईंचा हार घातलेला फोटो होता. खाली बसलेली तिघं माणसं एकदम रागिणीकडे पाहायला लागली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच सगळे तिच्या बोलण्याची वाट पाहत होते.

"तू म्हनशील तसं," सागर म्हणाला.

"मी काय म्हनू?"

"नको जाऊ म्हन, नाई जात. खरंच सांगतो."

"अन् मंग?" रागिणीनं ट्रे खाली ठेवला. "कॉलेज बंद झालं का तुमी घरी बसान. मले काही बोलनार नाई तुमी, मले माहीत हाय. पन कोनी मित्र तिकडचा फोटो टाकीन, तं तुमी मोबाइल उलटा ठेवान. ते पाहू का मी जन्मभर?"

सागरनं मान खाली घातली. त्यानं नाही म्हणायला हवं होतं. निदान लगेच म्हणायला हवं होतं. तो म्हणाला नाही, हे सगळ्यांना ऐकू आलं.

"माहीच घाई झाली," देवराव पुटपुटले. "मीच म्हनलो, लावून टाकू."

"बाबा, आता ते काहाडू नका."

सत्यभामाबाईंनी उठून तिचा हात धरला. "पोरी, तो गेला तरी तू मह्याजवळ राहाय. मी हाय ना इथं."

त्यांनी मायेनंच म्हटलं होतं. पण नवऱ्याशिवायच्या घरात सासूजवळ राहायचं की सून असून बापाच्या घरी, एवढीच निवड आता आपल्या हाती उरली आहे, हे रागिणीला त्या वाक्यानं नीट कळलं. ती म्हणाली, "लिहा तसं. येत नाई म्हना सोबत."

आता लग्नाचा पुरावा लागणार होता. ज्या नोंदीपासून दोन्ही घरं पळत होती, तिच्यासाठी धावपळ सुरू झाली. लग्न लावणारे महाराज शोधून त्यांची सही आणली. पत्रिका छापलीच नव्हती, म्हणून मांडवातले फोटो छापून आणले. साक्षीदार जमवून सगळे अमरावती महानगरपालिकेच्या झोन कार्यालयात गेले. टेबलावरच्या बाबूनं फोटो उलटसुलट पाहिले.

"लग्नाले इतके महिने झाले, आता आठवली का नोंद? पासपोर्ट काढता काय?"

"कॅनडाला जायचं आहे," सागर म्हणाला.

"वा! जोडीनं?"

"नाही. मी एकटाच."

बाबूनं चष्म्यावरून एकदा सागरकडे आणि एकदा रागिणीकडे पाहिलं. "एकटे चालले तं बायकोची नोंद काहून पायजे बुवा?"

रागिणीनं पुढे होऊन विचारलं, "सही कुठं करू?" त्यानं बोट ठेवलं तिथे तिनं सही केली. अंगठा लावला. कॅमेऱ्याकडे पाहा म्हटलं तेव्हा पाहिलं. अशा रीतीनं ती सरकारदरबारी सागरची बायको झाली.

सागर त्याच संध्याकाळी कागद पाठवायला बसणार होता. तिची दुसऱ्या दिवशी सकाळची ड्यूटी होती. तो स्टॅंडवर सोडायला आला. "मी रोज फोन करीन," तो म्हणाला. "तिथली वेळ उलटी हाय म्हनते ना," ती म्हणाली. मग दोघंही बसची पाटी वाचत उभे राहिले.

अकोल्याच्या बसमध्ये बडनेऱ्याला एक म्हातारी चढली आणि तिच्या शेजारी बसली. मांडीवर वांग्यांची पिशवी. थोडा वेळ तिनं रागिणीच्या गळ्यातलं नवं मंगळसूत्र न्याहाळलं.

"कुठं देल्ली माय तुले?"

"अमरावतीले."

"अन् आता माहेरी चालली का? अकोल्याले?"

"हो."

"किती दिवस राहाशीन?"

रागिणी खिडकीबाहेर पाहायला लागली. कपाशीची शेतं मागे जात होती.

"पाहू," ती म्हणाली.

"पाहू काय? न्याले येतीन ना जवाई?"

"येतीन."

"कवा?"

रागिणीनं उत्तर शोधलं. खरं सांगायचं तर म्हातारीला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं असतं, आणि सांगूनही तिनं शेवटी हेच विचारलं असतं. तेवढ्यात मूर्तिजापूर आलं. म्हातारी गुडघ्यावर हात टेकत उठली.

"लवकर जाजो माय आपल्या घरी. नव्या नवरीनं जास्त नाई राहू माहेरी."

रागिणीनं मान डोलावली आणि वांग्यांची पिशवी तिला खाली द्यायला उठली.